वेबसाइट नव्या हाती देताना



कार्यकारिणी बदलली की मंडळाची वेबसाइट नव्या हाती जाते. मग ते मंडळ कॅरीतले असो वा पुण्यातले, ॲडमिन पान पाहून नवा स्वयंसेवक बिचकतोच. चुकून सभासदांची यादीच पुसली गेली तर?

यावर आम्ही सुचवतो मार्गदर्शक फेरी. एकेका बटणाशेजारी छोटी चौकट उघडते, बटणाचे काम सांगते आणि पुढच्या बटणाकडे नेते. वर्डप्रेसने २०११ मध्ये ३.३ आवृत्तीत अशा चौकटी आणल्या.

एका फेरीत एकच काम शिकवावे, उदा. गणेशोत्सवाची सूचना लावणे. पायऱ्या ४-५ पुरेत.

फेरी पाहिल्याची नोंद त्या व्यक्तीच्या खात्यावर ठेवतात. म्हणून जुनाच पासवर्ड पुढे देऊ नये. नव्या माणसाला फेरी दिसणारच नाही. प्रत्येकाला वेगळे खाते द्यावे, आणि यादी पुसण्याचा अधिकार मोजक्यांनाच!