एकाचा खेळ, अकरांचा विजय

भिलाई हे पोलादाचे नगर. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारलेल्या येथील कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली आणि देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून माणसे येथे येऊन वसली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. या भट्ट्यांसाठी लोहखनिज दल्लीराजहऱ्याहून आणि चुनखडी नंदिनीहून येते. ही सामग्री वेळेवर न आल्यास मोठ्यात मोठी भट्टीही निरुपयोगी ठरते. फुटबॉलच्या मैदानावर मात्र हा साधा नियम अनेकदा विसरला जातो. संघात एखादा निष्णात खेळाडू असला, की इतर खेळाडू चेंडू त्याच्याकडे ढकलतात आणि स्वस्थ उभे राहतात. श्रेष्ठ खेळाडू एकट्याच्या बळावर संघाला तारतो, ही समजूत त्यामागे असते. ती कितपत खरी आहे?

या समजुतीच्या समर्थनार्थ दिएगो मॅराडोनाचे नाव हमखास घेतले जाते. १९८६ च्या विश्वचषक स्पर्धेत अर्जेंटिनाने एकूण १४ गोल केले. त्यांपैकी ५ गोल मॅराडोनाचे होते. परंतु आणखी ५ गोल त्याने दिलेल्या चेंडूंवर त्याच्या सहकाऱ्यांनी केले, याकडे दुर्लक्ष होते. पश्चिम जर्मनीविरुद्धच्या अंतिम सामन्यात मॅराडोनाने एकही गोल केला नाही. प्रतिपक्षाचे खेळाडू त्याला सतत घेरत होते. सामना २-२ असा बरोबरीत असताना त्याने अचूक क्षणी चेंडू पुढे दिला आणि मोकळ्या जागेत धावत गेलेल्या बुरुचागाने विजयी गोल केला. श्रेष्ठ खेळाडूला अडवण्यासाठी प्रतिपक्षाचे दोन-तीन गडी गुंतले, की इतरांना मोकळीक मिळते. मात्र त्या मोकळ्या जागेत धावून जाणारा सहकारी नसेल, तर ती संधी वाया जाते.

भारतीय फुटबॉलमध्येही याचे उत्तम उदाहरण आढळते. १९६२ मध्ये जकार्ता येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारताचा पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून गमावला गेला. पुढे जर्नेल सिंग या खंबीर बचावपटूच्या डोक्याला दुखापत होऊन टाके घालावे लागले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्यांना आघाडीवर खेळवण्याचे धाडस केले. उपांत्य सामन्यात आणि अंतिम सामन्यातही त्यांनी गोल केला. अंतिम सामन्यात दुसरा गोल प्रदीपकुमार बॅनर्जी यांचा होता. प्रेक्षकांचा रोष पत्करून भारताने त्याच दक्षिण कोरियाला २-१ असे हरवले आणि सुवर्णपदक मिळवले. जर्नेल सिंगांचे शौर्य वादातीत आहे. तथापि ते पुढे जाऊ शकले, कारण मागे रिकाम्या झालेल्या त्यांच्या जागेचा भार इतर बचावपटूंनी उचलला.

संघाला आधार देणारा खेळाडू गोल करणाराच असतो असे नाही. गोव्याचे ब्रह्मानंद शंखवाळकर हे गोलरक्षक होते. त्यांनी भारतीय संघाचे नेतृत्व केले आणि १९९७ चा अर्जुन पुरस्कार मिळवला. ज्या काळात ते गोव्याचे गोलरक्षण करत होते, त्याच काळात, १९८३-८४ मध्ये, गोव्याने संतोष करंडक जिंकला. गोलरक्षक मैदानाच्या टोकाला उभा असतो, परंतु संपूर्ण खेळ त्याच्या दृष्टीसमोर असतो. तो सहकाऱ्यांना हाका देऊन सावध करतो आणि योग्य जागी उभे करतो. आपल्या मागे विश्वासू हात आहेत, या खात्रीमुळे इतर खेळाडू निर्धास्तपणे चढाई करतात.

ही तिन्ही उदाहरणे एकच गोष्ट सांगतात. श्रेष्ठ खेळाडू इतरांचे काम स्वतः करत नाही. तो इतरांना त्यांचे काम अधिक चांगले करण्यास समर्थ करतो. म्हणूनच त्याच्या भरवशावर स्वस्थ बसणे हा त्याच्या गुणांचा गौरव नव्हे, तर अपव्यय होय. मैदान असो, कारखाना असो वा घर असो, कर्तबगार माणूस सोबत असणे हे भाग्य खरे. परंतु त्या भाग्याचे यशात रूपांतर करण्याची जबाबदारी उरलेल्या दहा जणांची असते.