तीन पेट्या, दहा राग

उज्जैनच्या नानाखेडा बसस्थानकावरून इंदूरची बस सुटली की तासा-सव्वातासाचा रस्ता. तेवढ्या वेळात चरणजितसिंग यांची ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी पहिल्या रागापासून दहाव्यापर्यंत ऐकून होते. मागच्या खेपेला शेजारी एक काका बसले होते, आपल्याच उज्जैनी मराठीतले. काय चाललंय म्हणून त्यांनी हेडफोनची एक बोंडी मागून घेतली. मालकंस त्यांनी लगेच ओळखला, आणि हा कुणाच्या लग्नात वाजतोय असं विचारलं.

प्रश्न वाटतो तितका चुकीचा नव्हता. चरणजितसिंग मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीतले वादक. शंकर-जयकिशन, सचिनदेव आणि राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या वाद्यवृंदांत त्यांनी गिटार वाजवली, बास वाजवला, पुढे विजेवरचे कीबोर्ड वाजवले. लग्नसमारंभांतून वाजवणारा त्यांचा स्वतःचा संचही होता. गाण्याच्या रेकॉर्डवर अशा वादकांचं नाव नसे. चित्रपटगीतांच्या धुना एखाद्या वाद्यावर वाजवलेल्या तबकड्या निघत, तेवढीच त्यांची स्वतःची जागा. पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांचं अॅकॉर्डियन आपल्याकडे घराघरांत पोचलं ते याच वाटेनं. चरणजितसिंग यांचीही ‘वन मॅन शो’ नावाची अशी तबकडी होती.

मग आलं डिस्कोचं वारं. १९८०मध्ये ‘कुर्बानी’, १९८१मध्ये नाझिया हसनचं ‘डिस्को दीवाने’, १९८२मध्ये ‘डिस्को डान्सर’. सिंगापूरहून आणलेली रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रं चरणजितसिंग यांच्या घरी होती. टीआर-८०८ हे तालयंत्र, टीबी-३०३ हे बासयंत्र आणि सुरांसाठी ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. मराठीत आपण हार्मोनियमला पेटी म्हणतो. त्या न्यायानं या तीन पेट्याच. तबला बाजूला ठेवायचा, ठेका डिस्कोचा घ्यायचा आणि वर राग वाजवायचे, एवढी साधी त्यांची कल्पना. १९८२मध्ये एचएमव्हीनं ती तबकडी काढली आणि ती चालली नाही.

न चालण्याचं मला आश्चर्य वाटत नाही. दुकानदारानं ती ठेवायची कुठल्या फळीवर? शास्त्रीय संगीताच्या गिऱ्हाइकाला डिस्को नको होता आणि डिस्कोच्या गिऱ्हाइकाला ललत नको होता. शिवाय पेटी आणि राग यांचं भांडण आपल्याकडे जुनं आहे. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी हार्मोनियमला एकलवादनाचा मान मिळवून दिला, तरी आकाशवाणीनं १९४०मध्ये तिच्यावर बंदी घातली ती १९७१पर्यंत टिकली. आक्षेप असा, की पेटीचे स्वर ठोकळेबाज, त्यांत ना मींड ना श्रुती. तोडीतला गंधार कोमलाहूनही खाली उतरतो, तो कुठल्या पट्टीवर शोधायचा? हा आक्षेप सिंथेसायझरलाही लागू होतो. फरक एवढाच, की ज्युपिटरला स्वर वाकवायची सोय आहे. चरणजितसिंग ती वापरतात, कधी सतारीसारखी, कधी जरा जास्तच.

मला खरी गंमत वाटते ती ३०३ची. एकट्या गिटारवादकाला घरबसल्या बासची साथ मिळावी म्हणून हे यंत्र बनवलं होतं. सोळा टप्प्यांत स्वर भरायचे, मग ते यंत्र तेच आवर्तन न थकता फिरवत राहतं. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय त्यात होती. खऱ्या बाससारखं ते काही वाजेना, भरणाही किचकट. दहा हजारांच्या आसपास यंत्रं निघाली आणि १९८४मध्ये उत्पादन थांबलं. पाश्चात्त्य गाण्यात बासला दर दोन ओळींनी स्वरसंवाद बदलावा लागतो. रागात तो बदलायचाच नसतो. खाली षड्ज धरून काहीतरी अखंड फिरत राहिलं की पुरे, तंबोरा वेगळं काय करतो? जपानी अभियंत्यांना जे साधलं नाही ते या यंत्राला रागाखाली बसवल्यावर सहज साधलं. घसरणारा बास थोडा मींडेसारखा लागतो, हा वरचा नफा.

याच भंगारातून शिकागोमध्ये दुसरी गोष्ट घडली. तिथल्या तरुणांच्या हाती जुनी ३०३ स्वस्तात लागली. डीजे पिअर आणि त्याच्या मित्रांच्या ‘फ्यूचर’ या गटानं ती चालू ठेवून तिच्या खुंट्या पिळल्या. आवाज चिरकू, उकळू लागला. १९८७मध्ये ‘अॅसिड ट्रॅक्स’ आलं आणि अॅसिड हाउस हा नृत्यसंगीताचा प्रकार जन्मला. पुढे त्यानं इंग्लंड-हॉलंडची तरुणाई वेडी केली. ३०३ची किंमत मग आकाशाला भिडली.

एदो बाउमन या डच संग्राहकाला २००२मध्ये दिल्लीच्या एका दुकानात चरणजितसिंग यांची तबकडी मिळाली. त्यानं ती लावली आणि शिकागोच्या पाच वर्षं आधीचं अॅसिड ऐकू आलं! त्यानं मुंबईत येऊन चरणजितसिंग यांना गाठलं आणि २०१०मध्ये आपल्या ‘बॉम्बे कनेक्शन’तर्फे तबकडी पुन्हा काढली. युरोपात काहींचा विश्वासच बसेना. ही कुणा आजच्या संगीतकाराची थट्टा असावी, असा संशय आला. अॅफेक्स ट्विन या ब्रिटिश संगीतकाराचं नावही घेतलं गेलं. उरलेल्यांनी चरणजितसिंग यांना थेट अॅसिड हाउसचे जनक करून टाकलं.

हे जनकत्व मला पटत नाही. शिकागोच्या पोरांनी ही तबकडी ऐकलेली नव्हती. अॅसिडचा जीव खुंट्या पिळण्यात आहे, तर चरणजितसिंग यांचं सगळं लक्ष उजव्या हातातल्या रागाकडे. दोघांत समान काय, तर यंत्र आणि आवर्तन. पण बाहेरच्या रसिकांनी त्यांना शोधलं ते आपल्या इतिहासातली हरवलेली कडी म्हणून. आपण मात्र त्यांना आपल्या इतिहासातही शोधलं नाही. हार्मोनियम, विजेची हवाईयन गिटार, अॅकॉर्डियन यांच्यामागोमाग रागाच्या दारात उभी राहिलेली ही पुढची पेटी होती. तशी ऐकली तर मधुवंती आणि कलावती खरोखर रंगलेले आहेत. मेघमल्हार मला उथळ वाटतो, आणि पहाटेचा ललत त्याच धडधडत्या ठेक्यावर ऐकताना अजून हसू येतं. इथून देवास फार लांब नाही. कुमार गंधर्वांनी तिथं राहून माळव्याच्या लोकगीतांतून नवे राग काढले तेव्हा त्यांच्यावरही कमी टीका झाली नव्हती. तुलना तेवढीच, पुढे ताणायची नाही.

सत्तरी ओलांडल्यावर चरणजितसिंग युरोपच्या मंचांवर गेले. साथीला योहान्झ वेस्टरमान हा डच संगीतकार यंत्रं सांभाळायला आणि पुढ्यात नातवंडांच्या वयाचे नाचणारे रसिक. जुलै २०१५मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

काकांनी बोंडी परत दिली तेव्हा शेवटचे राग चालू होते. वादकाचं नाव त्यांनी विचारून घेतलं. मग, तबला नाहीच का, असं पुन्हा एकदा खात्री करून विचारलं आणि इंदूरच्या सरवटे स्थानकावर पिशवी सावरत उतरले.