यवतमाळच्या खानेसुमारीतील दोन आकडे: गैरसमज आणि वस्तुस्थिती

सन २०११ च्या खानेसुमारीत यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७,७२,३४८ भरली आणि त्यापूर्वी, सन २००१ मध्ये, ती २४,५८,२७१ होती. सरकारी दप्तरी या आकड्यांचा उपयोग निराळा. परंतु मोठ्या संख्यांविषयी सुशिक्षितांच्याही मनात जे समज रूढ होऊन बसलेले असतात, ते पारखून घेण्यास हेच दोन आकडे पुरेसे आहेत.

गैरसमज: सात अंकी संख्येचे अवयव पाडणे हे यंत्रावाचून होणे नाही.

वस्तुस्थिती: २७,७२,३४८ च्या अखेरच्या ४८ ला ४ ने भाग जातो, म्हणून सबंध संख्येसही जातो, अंकांची बेरीज ३३ येते, तीस ३ ने भाग जातो, म्हणून संख्येसही जातो. १२ ने भागून आलेला भागाकार २,३१,०२९ हा १०३ आणि २,२४३ या दोन मूळ संख्यांचा गुणाकार असून, तो शोधण्यास चिकाटीखेरीज दुसरे साधन लागत नाही.

गैरसमज: लहानसहान संख्यांनी भाग गेला नाही, की ती संख्या मूळच समजावी.

वस्तुस्थिती: २४,५८,२७१ ला २ पासून ८९ पर्यंतच्या एकाही मूळ संख्येने भाग जात नाही, पण पुढच्याच ९७ ने तो निःशेष जातो आणि भागाकार २५,३४३ येतो. वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे येथे १,५६७ पर्यंतच्या, सर्व मूळ संख्या लावून पाहिल्यावाचून मूळपणाचा दाखला देता येत नाही.

गैरसमज: अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करीत गेल्यास कोणतीही संख्या अखेर ६१७४ वर येते.

वस्तुस्थिती: देवळालीचे शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांचा हा शोध चार अंकी संख्यांपुरता आहे, चारही अंक एकच नसले, म्हणजे जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते. आपल्या २७,७२,३४८ या सात अंकी संख्येची पहिली वजाबाकी ८७,७४,३२२ − २२,३४,७७८ = ६५,३९,५४४ अशी होते; अकराव्या वजाबाकीस ८४,२९,६५२ येते, आणि तेथून पुढे आठ संख्यांचे चक्र सुरू होऊन एकोणिसाव्या वजाबाकीस तीच संख्या पुन्हा हजर होते.

गैरसमज: अंकांच्या बेरजेत संख्येचे, आणि म्हणून जिल्ह्याचेही, भवितव्य दडलेले असते.

वस्तुस्थिती: ज्या संख्येस तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो, तीस कापरेकरांनी हर्षद संख्या म्हटले. २७,७२,३४८ ला ३३ ने भागता १८ उरतात, आणि २४,५८,२७१ ला २९ ने भागता २८, म्हणजे केवळ एकाने ती हुकते. तथापि हर्षदपणा हा दशमान लेखनावर अवलंबून असलेला गुण होय. तीच संख्या आठाच्या पायावर लिहिली, तर अंक पालटतात आणि त्यांची बेरीजही पालटते, मात्र मूळ अवयव तेच राहतात. ३३ ची पुन्हा बेरीज करून जो ६ काढतात, तो संख्येस ९ ने भागल्यावर उरणारी बाकी होय. याहून अधिक अर्थ त्यात नाही.