दोन पाण्यांचा गहू

नोव्हेंबर उजाडला की कोरडवाहू पट्ट्यात एक हिशेब घरोघरी मांडला जातो. विहिरीत पाणी किती आणि त्यात गहू निघेल का? अनेक वस्त्यांवर तीच विहीर उन्हाळ्यात माणसांना आणि जनावरांनाही पुरवायची असते. गव्हाला दिलेली एक जादा पाळी म्हणजे एप्रिलमध्ये लांबून आणलेला हंडा आणि मिळेल त्या पाण्यासोबत घरात आलेले जुलाब किंवा कावीळ. त्यामुळे हा प्रश्न केवळ शेतीचा राहत नाही.

पूर्ण ओलिताच्या गव्हाला पाच-सहा पाळ्या लागतात. पाणी कमी असेल तर मात्र ते किती दिले यापेक्षा कधी दिले हे महत्त्वाचे. औषधाच्या मात्रेसारखेच.

बियातून निघणारी मुळे आधी येतात. पेरणीनंतर साधारण तीन आठवड्यांनी जमिनीच्या अगदी वरच्या थरात मुकुटमुळे फुटतात आणि पुढचे फुटवे त्यांच्या बळावर पोसतात. नेमका हाच थर सर्वांत आधी वाळतो. तो कोरडा पडला म्हणून रोप मरत नाही, पण फुटवे कमी येतात, पर्यायाने ओंब्याही. ही तूट नंतरच्या पाण्याने फारशी भरून निघत नाही.

म्हणून शिफारस अशी आहे: तीन पाळ्या असतील तर २१, ४२ आणि ६५ व्या दिवसाच्या सुमारास, दोनच असतील तर २१ आणि ६५, एकच असेल तर ४०-४२ व्या दिवशी. शेवटचा सल्ला विचित्र वाटतो. पण भारी काळ्या जमिनीत पेरणीवेळची ओल पहिले काही आठवडे रोपाला सांभाळते. एकुलते एक पाणी तेव्हाच खर्चले, तर कांडी धरताना देण्यासाठी काहीच उरत नाही.

पेरणीची रीतही तितकीच मोलाची. फोकलेले बी कुठे उघड्यावर पडते, कुठे खोल जाते. वरचे पाखरे टिपतात. पाभरीने पाच-सहा सेंटिमीटरवर पेरलेले बी ओलीला लागते आणि एकसारखे उगवते. तिसरी रीत रुंद वरंब्याची: वर दोन-तीन ओळी, पाणी फक्त सरीत. मेक्सिकोच्या याकी खोऱ्यात गहू मोठ्या प्रमाणावर असाच घेतात आणि सपाट रानाच्या मानाने पाण्याची चांगली बचत होते. मात्र हलक्या जमिनीत सरीतली ओल वरंब्याच्या मध्यापर्यंत पोचत नाही, मधली ओळ पिवळी पडते. अशा रानात पाभरच बरी. वाण निवडताना निफाडच्या संशोधन केंद्राचा ‘नेत्रावती’ कमी पाण्यासाठीच शिफारस केलेला आहे.

उशीर मात्र महागात पडतो. मार्च २०२२ मधल्या उष्णतेने उत्तर भारतातले दाणे भरण्याआधीच पिकवले आणि मे महिन्यात सरकारला गहू निर्यात थांबवावी लागली. पाण्याअभावी चिमलेल्या दाण्यात प्रथिनांचे शेकडा प्रमाण अनेकदा वाढलेले दिसते, कारण पिष्ट कमी भरलेले असते. त्यात आनंद मानण्यासारखे काही नाही. पोत्यात एकूण अन्नच कमी आलेले असते.

कमी पाण्याच्या चर्चेत खपलीचे नाव निघतेच. चवीला ती उत्तम, शहरात भावही चांगला मिळतो. पण तिच्यातही ग्लुटेन असते. सिलिॲक आजार असलेल्यांनी, विक्रेता काहीही सांगो, ती खाऊ नये.