मुक्कामाच्या वाहनातील दिवे : आतले आणि बाहेरचे

पर्यटकांना वाहनातच निवास करता यावा, या हेतूने महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. ‘कॅरॅव्हॅन’ हा शब्द ग्रामीण भागाला नवा असला, तरी चाकांवरचा संसार नवा नाही. पुणे-सोलापूर महामार्गावरील, दौंड तालुक्यातील भांडगावचेच उदाहरण घ्यावे. संत तुकाराम महाराजांची पालखी यवतहून वरवंडकडे जाते, ती याच गावावरून. दिंड्यांबरोबर सामानाचे ट्रक व टेम्पो असतात. तंबू, शिधा, भांडी यांची ने-आण करणारे हे वाहन रात्री वारकऱ्यांचे कोठारही असते आणि निवाराही. अशा वाहनातील प्रकाशयोजनेचा विचार करताना एक गोष्ट ध्यानी घेणे अगत्याचे आहे. आतला दिवा आपल्याला दिसावे म्हणून असतो, तर बाहेरचा दिवा आपण इतरांना दिसावे म्हणून.

प्रथम आतील दिव्यांविषयी. ताडपत्रीखाली कंदील, मेणबत्ती वा गॅसबत्ती लावणे धोक्याचे होय. आगीचे भय तर असतेच. शिवाय बंदिस्त जागेत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचून झोपेतच प्राण जाऊ शकतात. यास सोपा पर्याय म्हणजे बॅटरीवर चालणारे एलईडी दिवे. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत सुमारे १२०० वॅट-तास वीज साठते. साध्या शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य टिकावे यासाठी तिच्यातील निम्मीच वीज, म्हणजे ६०० वॅट-तास, वापरावी. ६० वॅटचे जुन्या पद्धतीचे दोन बल्ब ती पाच तासांत संपवतील. उलट ५ वॅटचे पाच एलईडी दिवे आठ तास लावले, तरी २०० वॅट-तासच खर्च होतील.

इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीवर रात्रभर दिवे लावल्यास पहाटे वाहन सुरू होत नाही. म्हणून दिव्यांसाठी स्वतंत्र बॅटरी ठेवावी व तिच्या लगत फ्यूज बसवावा. मोठ्या ट्रकची विद्युतव्यवस्था साधारणतः २४ व्होल्टची, तर लहान टेम्पोची १२ व्होल्टची असते. त्यामुळे दिवा खरेदी करताना व्होल्ट पाहूनच घ्यावा. वारी ज्येष्ठ-आषाढात, म्हणजे पावसाच्या दिवसांत येते. त्या काळात निळसर पांढऱ्या प्रकाशापेक्षा पिवळसर प्रकाशाकडे किडे कमी येतात, आणि झोपेलाही तो सौम्य वाटतो.

बाहेरील दिव्यांचे काम याहून जबाबदारीचे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार वाहनाने पुढील बाजूस तांबडा दिवा दाखवू नये. मागील बाजूस, दिशादर्शक दिवे व क्रमांकपट्टीचा दिवा यांसारखे अपवाद वगळता, तांबडाच असावा. यामागील तत्त्व सरळ आहे. अंधारात दुरून येणाऱ्या चालकाला समोरचे वाहन येत आहे की त्याची पाठ दिसत आहे, हे रंगावरूनच समजते. वाहनाच्या मागे पांढरा झगझगीत दिवा टांगला, किंवा रंगीबेरंगी लुकलुकत्या माळा लावल्या, तर ही खूण पुसली जाते आणि येणाऱ्याचे डोळेही दिपतात. स्वयंपाकासाठी बाहेर दिवा हवाच असेल, तर तो रस्त्याच्या विरुद्ध बाजूस, झाकण असलेला व खाली तोंड केलेला असावा.

दिवा विझू शकतो, बॅटरी उतरू शकते. परावर्तकाला मात्र वीज लागत नाही. तो पडलेला प्रकाश जेथून आला तेथेच परत पाठवतो. परंतु चिखलाने माखलेला किंवा लोंबत्या ताडपत्रीने झाकलेला परावर्तक असून नसल्यासारखाच. मुक्कामाला थांबताच तो फडक्याने पुसणे, हे मिनिटभराचे काम आहे.

महामार्गालगतच्या ग्रामपंचायतींना या बाबतीत बरेच करता येईल. वारीपूर्वी रस्त्यापासून दूर, निचऱ्याची जागा वाहनांसाठी आखून तेथे दिव्याची सोय करावी. शिक्षकांनी परावर्तकाचा प्रयोग विजेरी व अंधाऱ्या खोलीच्या साहाय्याने वर्गात दाखवावा. वाहनातील माणसे दिवसभराच्या चालीने थकून झोपलेली असतात. त्यांच्या वतीने रात्रभर जागे राहण्याचे काम बाहेरच्या दिव्याने आणि परावर्तकाने करावयाचे असते.