लिनक्सचे प्राथमिक शिक्षण : सुरक्षित प्रारंभाचा क्रम

प्रस्तावना :
मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या संगणक प्रणालीचे नियमित साहाय्य थांबविले. विंडोज ११ साठी अपुरे ठरणारे संगणक सुस्थितीत असूनही त्यामुळे असुरक्षित होतात. येवल्यासारख्या तालुक्याच्या गावी नवा संगणक घेणे हा विभागाच्या अंदाजपत्रकाचा प्रश्न असतो. तेथे लिनक्स हा विनामूल्य पर्याय विचारात घेण्याजोगा आहे. मात्र त्याच संगणकात प्राध्यापकांचा शोधप्रबंध, टिपणे व विद्यार्थ्यांचे गुण साठविलेले असतात. म्हणून काहीही न गमावता लिनक्स कसे शिकावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

लिनक्सचे स्वरूप :
फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्स हा प्रणालीचा गाभा प्रसिद्ध केला. रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पातील साधनांची त्यास जोड मिळून डेबियन, उबुंटू, मिंट इत्यादी वितरणे सिद्ध झाली. भारतात सी-डॅकने बॉस हे वितरण विकसित केले.

सुरक्षित क्रम :
१) सर्व फाइल्सची प्रत बाह्य डिस्कवर घ्यावी व ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा. अन्यथा तो फाँट नसलेल्या प्रणालीत अक्षरे अनाकलनीय दिसतात.
२) वितरण अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवून त्याचा चेकसम जुळवून पाहावा. ते पेनड्राइव्हवर चढविताना त्यातील पूर्वीचा मजकूर पुसला जातो, याचे भान ठेवावे.
३) प्रथम लिनक्स पेनड्राइव्हवरूनच लाइव्ह पद्धतीने चालवावे. इन्स्टॉलचा पर्याय न निवडल्यास व डिस्कवरील फाइल्सना हात न लावल्यास मूळ प्रणाली अबाधित राहते. वाय-फाय, प्रिंटर व इनस्क्रिप्ट पद्धतीचे मराठी टंकलेखन येथेच तपासावे.
४) 'पीडब्ल्यूडी', 'एलएस' या केवळ माहिती दाखविणाऱ्या आज्ञांपासून सुरुवात करावी. 'आरएम' या आज्ञेने काढलेली फाइल कचरापेटीत जात नाही. 'सुडो'मुळे प्रशासकाचे अधिकार मिळतात; म्हणून अर्थ न कळलेली आज्ञा त्यासह देऊ नये.
५) प्रत्यक्ष इन्स्टॉलेशन सर्वांत शेवटी करावे. डिस्कच्या विभाजनातील चूक सर्व माहिती नष्ट करू शकते. बिटलॉकर सुरू असल्यास त्याची रिकव्हरी की आधी नोंदवून ठेवावी. वीज मध्येच खंडित होऊ नये म्हणून यूपीएस वापरावा.

मराठीतून स्वाध्याय :
आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठी ध्वनीसह उपलब्ध आहेत. पाठ थांबवून तीच कृती स्वतः करीत पुढे जाणे, ही त्यांची पद्धती आहे.

समारोप :
उलट फिरविता येणाऱ्या कृती आधी व न येणाऱ्या नंतर, हेच या क्रमाचे सूत्र होय. विभागातील महत्त्वाची माहिती नसलेला एखादा जुना संगणक सरावासाठी राखून ठेवल्यास चुकीची किंमत अल्प राहते. चुकण्याची भीती कमी झाली म्हणजे प्राध्यापक व विद्यार्थी दोघांचेही शिकणे सुलभ होते.