कथा लिहिण्याआधी : आराखड्याविषयी थोडेसे

नव्याने लिहू लागलेल्या विद्यार्थ्यांशी बोलताना एक प्रश्न हमखास कानी येतो. 'सर, आपले जगणेच इतके ज्वलंत आहे. त्याला आराखडा कशाला?' आराखडा हे पांढरपेशा लेखकांचे चोचले, असा त्यामागे समज असतो. मीही याच मताचा होतो. म्हणून माझी एक फसलेली कथा सांगतो.

१९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. पुढच्या वर्षी, शिमग्याच्या सुमारास, माणदेशातल्या आमच्या गावी आजोबांनी मेलेला बैल ओढायला नकार दिला. घरात अनेकदा ऐकलेली ही हकीकत मी आधी एक ओळही न टिपता एका रात्रीत चौदा पाने लिहून काढली. क्रूर पाटील, पेटून उठलेला नायक आणि शेवटी चावडीपुढे दोन पानांचे भाषण! सकाळी आजीला वाचून दाखवली. ऐकून झाल्यावर ती एवढेच म्हणाली, "समदं खरं हाय. पर त्या बैलाचं म्होरं काय झालं?"

ते माझ्या कथेत नव्हतेच. आजीही नव्हती.

आराखड्याने उत्स्फूर्तता मरते असे म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. आधी विचार केला नाही की हात आपोआप तयार साच्याकडे जातो. तो पाटील आणि ते भाषण मी शोधलेले नव्हते, कुठेकुठे वाचलेले होते. आराखडा करावयाचा तो घटना क्रमाने मांडण्यासाठी नव्हे. आपल्याला काय ठाऊक नाही, हे लिहिण्याआधीच कळावे यासाठी.

मग मी वही घेऊन आजीजवळ बसलो. नकार दिला त्या दिवशी घराने काय गमावले? महार वतने कायद्याने खालसा झाली ती १९५९ साली. म्हणजे १९५७ साली वतनाचा जमिनीचा तुकडा अजून गावकीच्या कामाशी बांधलेला होता. तो जाण्याची भीती होती. त्यातून खळ्यांचे दिवस. वर्षाचे बलुते नेमके तेव्हाच मिळावयाचे. नकार पावसाळ्यात दिला असता तर कथा वेगळी झाली असती! तिथी साधी वाटते, पण सगळा ताण तिच्यात आहे. आणि खळ्यावर पदर पसरायला कोण जाई? आजी. त्या वर्षी तिला रिकामे परतवले. बैल तीन दिवस गोठ्यामागे पडून होता, वास महारवाड्यापर्यंत येत होता, आणि ती पहाटे उठून दूरच्या सडकेच्या कामावर खडी फोडायला जात होती.

बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा (त्याच नावाचा संग्रह १९६३ चा) या दृष्टीने पुन्हा वाचावी. गुपित शीर्षकातच सांगून टाकलेले आहे. त्यामुळे काय लपवले आहे याची उत्सुकता उरत नाही; कधी उघडे पडेल, या धास्तीने आपण वाचत राहतो. शिवाय जात लपवणाऱ्यासमोर, ती न लपवता ताठ उभा राहणारा काशिनाथ आहे. या दोघांना एकत्र आणणे ही रचना आहे. नुसत्या संतापातून ती येत नाही.

मी विद्यार्थ्यांना पोस्टकार्डाएवढा कागद देतो. कोणाच्या नजरेतून, कोणत्या दिवशी सुरुवात, कोणाचे काय जाणार, एवढेच त्यावर लिहावयाचे. शेवट कोरा ठेवावा. तो आधी ठरवला की पात्रे त्याच्याकडे हाकलली जातात. लिहिताना कागद खोटा ठरला तर खुशाल फाडावा.

माझ्या कागदावर आता कथा तिसऱ्या पहाटे सुरू होते. नाकाला पदर लावून आजी गावाबाहेर पडते आहे. आजोबांच्या भाषणाला कुठेच जागा सापडेना, म्हणून ते मी समासात लिहून ठेवले आहे.